विश्वास आठवेनासा झाला, तर तारणाचे काय?

नगरची_लेखनिक

मी गेली सोळा वर्षे आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. ‘तारण’ हा शब्द माझ्या हातून दिवसातून पंचवीस-तीस वेळा लिहिला जातो. तारण म्हणून काय ठेवले आहे, त्याचे मूल्यांकन किती झाले, मागितलेल्या रकमेला ते पुरेसे आहे की नाही. रविवारी उपासनेला गेले की तोच शब्द वेगळ्या, म्हणजे मुक्ती या अर्थाने कानावर पडतो. लहानपणापासून हे दोन्ही अर्थ माझ्या मनात शेजारी शेजारी नांदत आले आणि त्यांचा एकमेकांना कधी त्रास झाला नाही. गेल्या महिन्यात मात्र तो झाला, आणि तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही.

माझी आजी 86 वर्षांची आहे. मिशनच्या शाळेत तिने आयुष्यभर शिकवले. आपले तारण कृपेनेच, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, ही इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील वचने तिने आम्हा नातवंडांकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. तीन वर्षांपासून तिला स्मृतिभ्रंश आहे. आता ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारते. तिच्याजवळ बसून प्रभूची प्रार्थना सुरू केली, तर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ इथपर्यंत तिचे ओठ हलतात आणि मग थांबतात. गेल्या महिन्यात भिंतीवरच्या येशूच्या चित्राकडे बोट दाखवून तिने मला विचारले, “हे कोण गं? आपल्यातले आहेत का?”

त्याच आठवड्यात प्रार्थनेसाठी घरी आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की, रोमकरांस पत्रात मुखाने कबूल करणे आणि अंतःकरणात विश्वास ठेवणे या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत, तेव्हा आजीच्या तोंडून एकदा तरी प्रभूचे नाव वदवून घ्या, वेळ थोडा उरला आहे. त्यांनी ते काळजीपोटीच सांगितले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. विश्वास हे जर आपण देवाजवळ ठेवलेले तारण असेल आणि त्याच्या बदल्यात आपल्याला मुक्ती मिळत असेल, तर ज्या माणसाच्या हातून ते तारणच निसटले, त्याचे काय होते? आणि माणसाने विश्वास ठेवलाच पाहिजे अशी अट असेल, तर विश्वास हेही शेवटी एक कर्मच नाही का? मग ‘कृपेनेच’ या शब्दाला काय अर्थ उरतो? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. केवळ धीर देणारी उत्तरे मला नको आहेत.

जुना_अभ्यासक

ताई, आपण धीर देणारे उत्तर नको म्हणालात, म्हणून मुद्द्याचे तेवढेच लिहितो.

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर उभे आहे. विश्वास हे एक कर्म आहे का? प्रॉटेस्टंट घरांमध्ये, आणि मी तशाच घरात वाढलो, असे नकळत घडते की कर्माला दाराबाहेर काढले जाते आणि त्याच्या रिकाम्या पाटावर विश्वासाला आणून बसवले जाते. पूर्वी देवाला दाखवायला पुण्यकर्मे होती, आता दाखवायला आपली खात्री आहे. विश्वास किती पक्का, प्रार्थना किती उत्कट, साक्ष किती स्पष्ट, याचे मूल्यांकन सुरू होते. आपल्या कचेरीतला शब्द वापरायचा तर विश्वास तारण म्हणून गहाण ठेवला जातो. ही समजूत धर्मसुधारणेच्या, म्हणजे सोळाव्या शतकातील ज्या चळवळीतून प्रॉटेस्टंट पंथ निघाले तिच्या, शिकवणीच्या नेमकी उलट आहे. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी या प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील एकसष्टावा प्रश्न हाच आहे: तू केवळ विश्वासाने नीतिमान ठरतोस, असे का म्हणतोस? त्याच्या उत्तरात पहिल्याच वाक्यात सांगितले आहे की, माझ्या विश्वासाच्या योग्यतेमुळे देव माझा स्वीकार करतो असे नाही. ख्रिस्ताने जे केले तेच माझे नीतिमत्त्व आहे आणि विश्वास म्हणजे ते घेण्याची रीत, इतकेच. धर्मसुधारणेचा जर्मन प्रवर्तक ल्यूथर याने गलतीकरांस पत्रावरील विवेचनात अंगठी आणि खडा असा दृष्टान्त दिला आहे. कोंदणाने रत्न धरून ठेवावे तसा विश्वास ख्रिस्ताला धरून असतो. किंमत रत्नाची असते. कोंदण झिजलेले असले, म्हणून रत्नाचे मोल उतरत नाही.

हा प्रश्न ल्यूथरच्याही हजार वर्षे आधीचा आहे. “तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर,” ही उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन याची प्रार्थना रोममध्ये कोणीतरी वाचून दाखवली, तेव्हा पेलागियस नावाचा तपस्वी अस्वस्थ झाला. देवच सर्व देणार असेल तर माणसाच्या प्रयत्नाला अर्थ काय, अशी त्याची तक्रार होती. तो दुराचारी मुळीच नव्हता. लोकांनी नेटाने, शुद्ध जगावे अशी त्याची तळमळ होती. 418 साली कार्थेजच्या धर्मसभेने त्याची शिकवण नाकारली. त्यानंतर गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) काही मठवासीयांनी एक मधला मार्ग सुचवला: कृपा तर हवीच, पण पहिले पाऊल, म्हणजे विश्वासाची सुरुवात, माणसाने स्वतः टाकावी. 529 साली ऑरेंज येथे भरलेल्या सभेने तेही मान्य केले नाही. विश्वासाची सुरुवात, विश्वास ठेवण्याची नुसती इच्छासुद्धा, कृपेचेच देणे आहे, असे त्या सभेने ठरवले. तेव्हा आधी विश्वास आणि मग मोबदला म्हणून कृपा, हा क्रम ख्रिस्ती परंपरेने दीड हजार वर्षांपूर्वीच फेटाळला आहे.

आता आपल्याच शब्दांकडे येतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात व्यवहाराचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते कोणी कोणाला काय दिले हे फार नेमकेपणाने सांगतात. इफिसकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात पवित्र आत्म्याला ‘विसार’ म्हटले आहे. जमिनीच्या सौद्यात विसार कोण देतो? ज्याला ती जमीन घ्यायची आहे तो देतो, आणि पुढची रक्कम भरण्यासाठी स्वतःला बांधून घेतो. इथे विसार देवाने दिला आहे. इब्री लोकांस पत्राच्या सातव्या अध्यायात येशूला अधिक चांगल्या कराराचा ‘जामीन’ म्हटले आहे. कर्जदार आजारी पडला, त्याचे भान हरपले, तर आपली संस्था कोणाच्या दारी जाते, हे मी आपल्याला सांगायला नको. या व्यवहारात तारण आपण ठेवलेले नाही, जामीनही आपण नाही. ताई, आजीजवळून काही निसटले असेल, तर ती पावती आहे. करार ज्याने केला, त्याच्याजवळ तो जसाच्या तसा आहे.

रोमकरांस पत्रातील त्या वचनाविषयी एवढेच सांगतो की, ते दार उघडण्यासाठी लिहिले आहे. यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक) यांच्यात भेद नाही, जो कोणी हाक मारील त्याचे तारण होईल, असे पौल त्याच ओघात पुढे म्हणतो. वचन दूर नाही, ते तुझ्या मुखात आहे, हे तो आधी सांगतो. ज्या वचनाने वगळलेल्यांना आत घेतले, त्याची परीक्षा करून एका वृद्धेला उंबऱ्यावर थांबवणे, हा त्या वचनाचा दुरुपयोग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. याच पौलाने गलतीकरांना लिहिताना एक वाक्य मध्येच दुरुस्त केले आहे. आता तुम्ही देवाला ओळखता, असे लिहून तो लगेच म्हणतो: किंबहुना देवाने तुम्हाला ओळखले आहे. आजीने चित्राकडे पाहून “हे कोण” असे विचारले, तेव्हा त्या वाक्याचा पहिला भाग तिच्यापुरता गळून पडला. दुसरा भाग तिच्या स्मृतीवर अवलंबून नव्हताच.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे वरच्या प्रतिसादातील काही मुद्द्यांची मांडणी आमच्याकडे वेगळी होते; पण आजींच्या बाबतीत उत्तर तेच निघते, म्हणून लिहितो.

आमच्या शिकवणीप्रमाणे कृपा माणसाला आतून खरोखर बदलते. बाप्तिस्म्यात ती आत्म्यात वस्तीला येते आणि विस्मरणाने जात नाही. ती गमवायची तर गंभीर पाप पूर्ण जाणिवेने आणि राजीखुशीने करावे लागते. ज्यांची जाणीवच आजाराने हिरावून घेतली आहे, त्या हे करणार तरी कशा? दुसरी गोष्ट अशी की, श्रद्धा ही एकट्याच्या डोक्यात साठवलेली वस्तू आहे असे आम्ही मानत नाही. आमच्याकडे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, तेव्हा बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममातापिता श्रद्धा प्रकट करतात. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनाविधीत, एकमेकांना शांती देण्याआधी धर्मगुरू प्रार्थना करतात, तीत प्रभूला विनवलेले असते की, आमच्या पापांकडे पाहू नकोस, तुझ्या ख्रिस्तसभेच्या श्रद्धेकडे पाहा. ही प्रार्थना मी लहानपणापासून ऐकत आलो, पण माझ्या वडिलांच्या शेवटच्या वर्षात तिचा अर्थ कळला. ते बोलू शकत नव्हते. संध्याकाळी आम्ही सगळे रोझरी म्हणायचो आणि माळ त्यांच्या बोटांत गुंफून ठेवायचो. मणी आम्ही पुढे सरकवायचो. त्यांची रोझरी त्या काळात आम्ही म्हटली, आणि ती त्यांचीच होती.

पाळकाचा_मुलगा

आजींविषयी वर जे लिहिले गेले, त्याच्याशी मी सहमत आहे. तरी माझ्या मनातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘सगळे कृपेनेच’ हे वाक्य मी लहानपणी अशा माणसाच्या तोंडून फार वेळा ऐकले, ज्याच्या शेतावर आमच्याच मंडळीतली माणसे कामाला जात आणि ज्याच्याकडे त्यांची मजुरी महिनोन्महिने अडकून पडे. रविवारी त्याची साक्ष सर्वांत लांब असे. माझे वडील पाळक होते. त्यांनी एकदा उपदेशासाठी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेतला, ज्यात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे म्हटले आहे, आणि त्यानंतर आम्हाला ते गाव सोडावे लागले. तेव्हा कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे, हे याकोबाचे म्हणणे कृपेच्या चर्चेत कोणी शेवटच्या ओळीत उरकून टाकू नये, अशी माझी विनंती आहे. नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकाच ठिकाणी येतात, तेही याकोबाच्या पत्रात, आणि तिथे त्यांच्यापुढे ‘नव्हे’ आहे.

जुना_अभ्यासक

आपली विनंती रास्त आहे आणि आपल्या वडिलांनी निवडलेला उतारा योग्यच होता.

ल्यूथरला हे पत्र फारसे रुचले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. 1522 सालच्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने त्याला पेंढ्याचे पत्र म्हटले, आणि त्याच भाषांतरात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द घातला. त्याचे म्हणणे असे होते की, जर्मन भाषेच्या वळणाला तो शब्द लागतो आणि पौलाच्या मनात तोच आहे. पण पौल आणि याकोब दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात, त्याकडे जरा निरखून पाहावे. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो: म्हातारा, निपुत्रिक, तंबूबाहेर उभा राहून तारे पाहणारा, ज्याच्याजवळ वचनावाचून काही नाही. याकोब बाविसाव्या अध्यायातला घेतो, म्हणजे इसहाकाला घेऊन डोंगर चढणारा. दोन प्रसंगांच्या मध्ये कित्येक वर्षे गेली आहेत. पौल विचारतो की, हे नाते कशाने जुळले. याकोब विचारतो की, जुळलेले नाते पुढे जिवंत आहे हे कशावरून ओळखायचे. देव एक आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात, हे याकोबाचे वाक्य त्या शेतमालकासारख्यांच्या साक्षीसाठीच आहे. तो ज्या विश्वासाविषयी बोलतो ती नुसती मान्यता आहे. पौल ज्याविषयी बोलतो त्या ग्रीक शब्दात भरवसा आणि एकनिष्ठा दोन्ही येतात, आणि मराठीत ‘विश्वास’ व ‘विश्वासू’ हे शब्द एकाच मुळाचे असल्याने आपल्याला ते समजायला सोपे जावे.

नाझी राजवटीत बोनहोफर या जर्मन पाळकाने 1937 साली ‘स्वस्त कृपा’ हा शब्द वापरला तो याच रोगासाठी. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा, अशी स्वस्त कृपा ही आपल्या मंडळीची प्राणघातक शत्रू आहे, असे त्याने लिहिले. 1945 च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी दिली गेली. कृपेसाठी आपण किंमत देत नाही, हे खरे. पण ती देवाला महाग पडली आहे, आणि जे देवाला महाग पडले ते आपल्याला स्वस्त असू शकत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यातला खरा वाद कुठे आहे, तेही इथेच सांगतो, कारण त्याविषयी दोन्हीकडे गैरसमज आहेत. कॅथलिक लोक कर्माने तारण मानतात, हे आमच्याकडचे ठरलेले वाक्य चुकीचे आहे. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी जो निर्णय दिला, त्याच्या पहिल्याच नियमात कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार केला आहे. मतभेद याहून सूक्ष्म आहे. देव पाप्याला नीतिमान ठरवतो तो बाहेरून, ख्रिस्ताचे नीतिमत्त्व त्याच्या खाती जमा करून, की आत ओतलेल्या कृपेने तो बदलत जातो म्हणून? ल्यूथरचे उत्तर पहिले, ट्रेंटचे दुसरे. पहिल्यात खात्री मोठी असते, पण जीवन तसेच राहण्याचा धोका असतो. दुसऱ्यात जीवनाची आच असते, पण आपण पुरेसे बदललो का, हा घोर उरतो. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो आणि त्याचा आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, एवढे दोघांनी एका वाक्यात मान्य केले. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण परस्परांवरचे जुने धिक्कार आज या शिकवणीला लागू होत नाहीत, हे मान्य होणेही लहान गोष्ट नव्हती.

पंढरीची_वाट

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरी वारी आहे. हा धागा वाचताना मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर हे दोन न्याय आठवले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते, पिल्लाला काही करावे लागत नाही. श्रीवैष्णवांमध्ये याच मुद्द्यावर दोन पंथ पडले. आपल्या चर्चेत आजींना मांजरीच्या पिल्लाच्या जागी ठेवले आहे, असे मी समजलो तर ते बरोबर होईल का? आणि ‘पतितपावन’ या आमच्या शब्दात आणि आपल्या कृपेत नेमका फरक काय?

नगरची_लेखनिक

सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. ‘पंढरीची वाट’ यांना माझ्या कुवतीप्रमाणे उत्तर देते. मांजरीच्या पिल्लाचा दृष्टान्त मला फार जवळचा वाटला आणि आजीलाही वाटला असता. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशीच त्यांची भावना होती, त्यामुळे आपला प्रश्न आमच्या घराला परका नाही. फरक मला एवढाच दिसतो की, आमच्याकडे कृपा म्हटले की एक विशिष्ट घटना समोर येते. पंतय पिलात या रोमी सुभेदाराच्या अमदानीत, यरुशलेमच्या वेशीबाहेर, एका वधस्तंभावर ती घडली. देव दयाळू आहे, हे दोघेही म्हणतो. त्या दयेची किंमत तिथे चुकती झाली, असे आम्ही म्हणतो. याहून जास्त सांगण्याचा माझा अधिकार नाही.

वरचे प्रतिसाद वाचल्यानंतर मी आजीच्या कपाटातले पंडिता रमाबाईंचे आत्मनिवेदन काढून पुन्हा वाचले. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या पुढे स्वतःच लिहितात. साधारण आठ वर्षे त्यांनी सगळे मान्य केले होते, सगळे पाळले होते, आणि तरी ओझे उतरले नव्हते. ते उतरले तेव्हा त्यांनी नवीन असे काही केले नव्हते. जे आधीच देऊन झाले होते, ते घेतले. त्या पानाच्या समासात आजीने शिसपेन्सिलीने दोनच शब्द लिहून ठेवले आहेत: “हात रिकामे”. ते तिने कधी लिहिले, कोणत्या दिवसांत लिहिले, हे आता तिला विचारता येणार नाही.

ते वाचून मला ‘जुना अभ्यासक’ सरांना एक विचारायचे आहे. येत्या रविवारी आमचे पाळक प्रभुभोजन घेऊन घरी येणार आहेत. आजीला आता कोरडी भाकर गिळता येत नाही, ती द्राक्षारसात भिजवून द्यावी लागते. आपण काय घेत आहोत, हे तिला कळणार नाही. पण कोणी काही द्यायला पुढे झाले की ती दोन्ही हात जोडून ओंजळ करते, ही तिची सवय अजून गेलेली नाही. पाळकांनी मला विचारले आहे की, तिच्या वतीने पापकबुली मी म्हणावी का. मी काय सांगू?

जुना_अभ्यासक

हो म्हणा. मोठ्याने म्हणा, म्हणजे तिला आपला आवाज ऐकू येईल. भाकर मात्र तिच्या ओंजळीतच ठेवायला सांगा, थेट तोंडात घालू नका. मग तिचा हात धरून आपण ती भरवा.